दुसऱ्या गीताएवढी आच

३ ऑक्टोबर, शुक्रवार

थंडी. दुपारी बारीक बर्फ पडलं, जमिनीला टेकायच्या आत विरघळलं.

आज घरून पार्सल आलं. पिठाच्या जुन्या पिशवीत तोंड शिवून पाठवलेल्या सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी. चार पौंड तरी असतील. पिशवी उसवली आणि या पत्र्याच्या घरात एकदम आमचा ओहायोतला माळा आला. उन्हाळ्यात आई तिथे जुन्या चादरी अंथरून फोडी वाळत घालते. माळ्यावर मातीचे पाय घेऊन जायचं नाही असा नियम होता, आणि मी तो रोज मोडायचो.

लव्हर्नने एक फोड उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तो इंडियानाचा. आमच्यासारखाच आमिश, म्हणजे घरी वीज-मोटार न ठेवणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथातला, पण त्यांचं मूळ जुन्या देशातल्या डोंगरांतलं, त्यामुळे बोली वेगळी, बग्गीला छत नाही, आणि ओंडका खांद्यावर घेतला की हा गडी गळ्यातून चिरक्या ताना मारतो. इथे मोंटानात आम्ही दोघं एकाच टोळीत ओंडक्यांची घरं बांधतो आणि एकाच खोलीत राहतो.

"तुझ्या आईने बुटांचे तळवे पाठवलेत," तो म्हणाला.

"खाऊन बघ."

त्याने बराच वेळ चघळलं. "तळवेच आहेत. गोड तळवे."

सोबत मलिंडाचं पत्र. माझी थोरली बहीण, अजून घरीच असते. एरवी चार पानं लिहील, या वेळी चार ओळी. 'आईला वाटतं की या फोडींची पाई तू तिकडेच करून खावीस. कृती मागे लिहिली आहे.'

मी पिशवी खाटेखाली ढकलली.

दोन वर्षं आईच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ ठरलेली होती. ये, पाई करते. मी फ्लोरिडात छपरं घालत होतो तेव्हा तीच, वॉशिंग्टनात फळं तोडत होतो तेव्हा तीच. ऑगस्टपासून तिचं पत्र नाही. आणि आता म्हणे तूच कर. म्हणजे येऊ नकोस. तिचं चूक नाही. वसंतात घरी होतो तेव्हा मी बाप्तिस्म्याच्या, म्हणजे जाणतेपणी पंथात शिरायच्या, वर्गाला बसतो असा शब्द दिला आणि वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी निघून आलो. ती तारेवर धुणं वाळत घालत होती. वळली नाही.

त्या टेबलाशी माझी जागा अजून आहे की गेली, एवढंच मला कळायला हवं होतं. कळलं असं समजायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. पाऊस. घरात दोन माणसं आणि करायला काही नाही, म्हणून पिशवी बाहेर काढली. राग काही दिवसभर धरून ठेवता येत नाही. काल फोडी पाण्यात घालून ठेवल्याच होत्या, त्याला रागात धरू नये.

कृती उतरवून ठेवतो, कागद हरवला तर असावी.

फोडी रात्रभर भिजवून त्याच पाण्यात मऊ होईतो शिजव. घोट. साखर तोंडाला बरी लागेल एवढी, दालचिनी, लवंग जपून. पीठ लागेल तेवढं. डुकराची चरबी दोन अंड्यांएवढी. पाणी थंड, हात त्याहून थंड. खाली एक पोळी, वर एक पोळी, कडा चिमटीने मिटव. भट्टीत हात घालून बघ, तीन मोजायच्या आत काढावासा वाटला तर ठीक. मग एकदा दुसरं गीत. झडप मिटून आच कमी कर. परत एकदा दुसरं गीत. झाली.

दुसरं गीत म्हणजे आमच्या रविवारच्या प्रार्थनेतलं. कुणाच्याही घरी जमलेले असोत, ओहायो असो की इंडियाना, दुसरं गीत तेच. ते लांब असतं. आईकडे घड्याळ आहे, स्वयंपाकघरातच टांगलंय. पण तिचं म्हणणं, घड्याळाकडे बघणाऱ्या बाईची नाकाकडे पाठ असते. म्हणून पाई आत गेली की ती सुरू करायची. भांडी घासत, कधी बीन्स निवडत. गाणं चालू असताना आम्ही भट्टीजवळ पळायचं नाही, दार आपटायचं नाही. माझ्याने बसवायचं नाही. मी एका ओळीत तबेल्यापर्यंत जाऊन घोड्याला हात लावून परत यायचो, तरी ती त्याच ओळीत असायची.

तर आज मी विजेच्या ओव्हनपुढे स्टूल टाकून गायलो. एकदा. बटण फिरवून आच कमी केली. परत एकदा. कापली तर आतून पीठ कच्चं, सुरीला चिकटलं.

लव्हर्न खाटेवर पडल्या पडल्या फोनवर वेळ लावून बसला होता. मला सांगितलं नव्हतं. "सात मिनिटं पहिलं," तो म्हणाला. "दुसरं साडेसहा. आमच्याकडे अकरा लागतात, आणि तुम्ही ओहायोवाले आम्हाला उतावळे म्हणता."

"इथे एकट्याने गाताना वेगळं होतं."

"एकट्याने नाही, तुझ्या मागे कुत्रं लागल्यासारखं गात होतास. ऐकून मीच दमलो."

तरी त्याने कच्ची पाई चमच्याने खाल्ली. आतलं सारण बरं झालं होतं. लवंग जास्त.

८ ऑक्टोबर, बुधवार

सातव्या घराची आडवी तुळई बसली. बोट चेमटलं. बाकी काही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज हळू गायचं ठरवलं. हळू म्हणजे किती, हाच प्रश्न. आमच्या गाण्याच्या पुस्तकात शब्द आहेत, सूर लिहिलेले नाहीत. सूर एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. बाकावर म्हाताऱ्यांच्या मध्ये बसलं की आपोआप येतो. इथे म्हातारे नाहीत. ओढून ताणून बारा मिनिटांवर नेलं आणि मध्येच श्वास संपला, शब्द विसरलो. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ काही केल्या आठवेना. जन्मभर दर दुसऱ्या रविवारी म्हटलेली ओळ.

पाई वरून लाल, खालून ओली.

"घड्याळ लाव आणि पंचेचाळीस मिनिटं ठेव," लव्हर्न म्हणाला. "सगळी दुनिया तसंच करते."

"मग ती दुनियेची पाई होईल."

"बरं, मग आईला फोन करून विचार."

मी ओव्हन पुसत बसलो.

पण रात्रीच्या जेवणाआधी पत्र लिहिलं. आईला नाही, मलिंडाला. 'आई गात असताना घड्याळ बघ आणि मिनिटं कळव. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस.' हे शेवटचं वाक्य खोडलं. परत लिहिलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मलिंडाचं उत्तर. या वेळी दोन पानं. मिनिटं नाहीत.

'आई हल्ली भट्टीशी नसते, मी असते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघते आणि माझी पोळी जाड झाली की तिच्या चेहऱ्यावर कळतं. सकाळी तिची टोपी बाबा बांधून देतात. त्यांना अजून नाडीची गाठ नीट जमत नाही. परवा प्रार्थनेला ती वाकड्या गाठीनेच गेली, आणि बाबा बायकांच्या बाकांकडे बघून तीन तास कासावीस. मंगळवारी शेजारणी आळीपाळीने येतात. मागच्या दाराची पायरी काढून बाबांनी उतरती फळी घातली आहे.'

वाचून मला हसूच आलं. आमच्या बाबांनी आजवर घोड्याच्या लगामाशिवाय कशाची गाठ मारलेली नाही. उतारवयात प्रेमाला पालवी फुटली म्हणायची. फळीचं बरं केलं, दुधाचे कॅन ढकलत नेता येतील. आणि आई खुर्चीत बसून मलिंडाच्या पोळीला नावं ठेवतेय, हेही छान. राणी झाली आहे.

मी हे लव्हर्नला वाचून दाखवलं. तो हसला नाही. "तुझी आई किती वर्षांची?" त्याने विचारलं.

"छप्पन."

"हं," म्हणाला आणि करवतीला तेल घालायला बाहेर गेला.

कागदाच्या तळाशी पेन्सिलची एक लांब वाकडी रेघ आहे. लग्न झालेल्या बहिणीची पोरं आली असतील, त्यांच्या हाती कागद लागला असेल. आईची मात्र एक ओळ नाही. चार गावं पलीकडच्या म्हशीसारख्या बायकांना आठ आठ पानं लिहिते, तिला मला एक ओळ लिहवत नाही.

घोडचूक मी केली हे मान्य आहे. पण किती दिवस?

मलिंडाने शेवटी लिहिलंय, 'शनिवारी, पहिल्या तारखेला, आमच्या दुपारी दोन वाजता आम्ही फोनच्या खोपटीत येऊ. तू फोन कर. आईही येईल.'

२६ ऑक्टोबर, रविवार

पाई केली नाही. बाहेर फिरलो. इकडचे डोंगर बघायला लोक लांबून येतात. मला सपाट शेत आणि त्यात उभ्या केलेल्या मक्याच्या पेंढ्या बघाव्याशा वाटल्या. असं मी पूर्वी कधी लिहिलं नसतं.

शनिवारी काय बोलायचं ते ठरवलं. सरळ विचारायचं. आई, मी यावं असं तुला वाटतं की नाही. हो की नाही, एका शब्दात सांग.

१ नोव्हेंबर, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

पाई तयार करून ठेवली होती. इथले बारा वाजले, तिकडचे दोन. पाई ओव्हनमध्ये घातली, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे हात मोकळे राहतील. मनात असं होतं की आधी गाण्याचं विचारू, म्हणजे बोलायला सुरुवात होईल.

मलिंडाने उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता. ती खोपटी रस्त्याकडेला आहे, चार घरांत मिळून एक फोन, दार धड लागत नाही.

"अ‍ॅटली, जेवलास का?"

"पाई आत आहे. आई आहे का?"

"आहे. शेजारी बसलीय. बाबाही आहेत. तू बोल, ती ऐकतेय."

मी म्हटलं, "आई." पलीकडे काही नाही. मी म्हटलं, "आई, गाणं किती वेळ म्हणायचं ते सांग ना. माझी पाई कच्ची राहते." काही नाही. कुणीतरी जोरात श्वास घेतला एवढं ऐकू आलं.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "दोन हजार मैलांवरून फोन करतोय. रागव. शिव्या दे. पण बोलायचंच नसेल तर या थंडीत खोपटीत कशाला आलीस? तुला मी यायला हवाय की नको, तेवढं एक सांग."

"अ‍ॅटली, गप्प बस," मलिंडा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "जरा गप्प बसायला काय घेशील?"

नुसता वारा, आणि एक बग्गी गेली तिच्या टापा.

मग बाबांचा आवाज आला. एकच अक्षर. दुसऱ्या गीताचं पहिलं अक्षर, लांब धरलेलं. प्रार्थनेत गाणं पुढे नेणारा प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर एकटा म्हणतो आणि मग बाकीचे उचलतात, तसं. बाबा कधी पुढे होत नाहीत, आपला आवाज भसाडा आहे असं त्यांना वाटतं. ते अक्षर संपलं आणि आईने उचललं.

शब्द सगळे. एकही चुकला नाही. आवाज थोडा खाली गेलेला, एका बाजूने आल्यासारखा, पण तिचाच. बाबा पहिलं अक्षर म्हणायचे, ती पुढची ओळ न्यायची. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळही आली, मी विसरलो होतो ती. लव्हर्न दारात बूट काढत होता, तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मी गायलो नाही. मला आलं नाही.

चार कडवी झाली. चोवीस मिनिटं. मी म्हटलं, "आई?" मलिंडा म्हणाली, "तिला थंडी वाजतेय, आम्ही जातो. आता आच कमी कर." फोन ठेवला.

आच कमी केली. घड्याळ लावून आणखी चोवीस मिनिटं. पाई झाली आहे. आईसारखी झाली आहे, अगदी. पण मला तिचं काही कळलेलं नाही. चोवीस मिनिटं गायली आणि हो की नाही एवढं म्हणाली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लव्हर्न कॉफी घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला. असा तो कधी बसत नाही.

"माझ्या आजोबांना मेंदूत रक्ताची गाठ झाली होती," तो म्हणाला. "उजवा हात गेला. बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता यायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. पण गीत सुरू केलं की अख्खं म्हणायचे. डॉक्टर म्हणाला, गाणं डोक्यात दुसऱ्या खोलीत ठेवलेलं असतं."

मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस?"

त्याने कप माझ्या हातात दिला.

मी उठून पत्रं काढली. टोपीची नाडी. खुर्ची. फळी. मंगळवारच्या बायका. ऑगस्टपासून पत्र नाही. आणि ती पेन्सिलची रेघ. ती उजवीकडून सुरू होऊन डावीकडे गेली आहे. डाव्या हाताने काढल्यासारखी. तिच्या टोकाला एक गोल काढायचा प्रयत्न आहे. तो अ‍ॅटलीचा 'अ' असू शकेल. नसेलही. मी तिला पोरांची रेघ म्हणालो. म्हशीसारख्या बायका म्हणालो. काल काय काय म्हणालो.

खोपटीवर फोन केला. रविवारी कोण उचलणार. यंत्रावर निरोप ठेवायचा होता, पण ते बोल म्हणालं तेव्हा माझ्याही तोंडून शब्द आला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी कामावर असताना बाबांचा फोन आला. मी शिडीवर होतो. खाली उतरलो.

"यंत्रावर कुणीतरी नुसता श्वास घेतलाय," बाबा म्हणाले. "मला वाटलं तू असशील."

"मीच. बाबा, कधी झालं?"

"ऑगस्टच्या नऊ तारखेला. बरण्यांत टोमॅटो भरत होती."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास."

"मग?"

"म्हणूनच."

मी ओरडणार होतो. ते पुढे म्हणाले, "आलास की आई खुर्चीत दिसणार. मग वर्गाला बसणार, डोकं खाली घालणार, बिशप पाणी ओतणार. तिच्यासाठी. तसल्याला आम्ही बाप्तिस्मा म्हणत नाही, अ‍ॅटली. आमच्या पूर्वजांनी त्यासाठी घरंदारं सोडली. ओढून आणलेलं माणूस नको."

"हे आईचं म्हणणं की तुमचं?"

"तिचं विचारता येत नाही. माझं. मलिंडाला मीच गप्प बसवलं. ती त्या दिवसापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते." मग म्हणाले, "पार्सल मात्र तुझ्या आईने बांधायला लावलं. पिशवीवर हात ठेवला, मग तुझ्या खुंटीवर ठेवला, तुझी टोपी असते तिथे. मी नको म्हणालो. तिने परत ठेवला. चार दिवस तेच चाललं होतं. चौथ्या दिवशी मी पोस्टात गेलो."

"बाबा, माझी टोपी अजून खुंटीवर आहे?"

"कुठे जाणार? चल, गाई खोळंबल्यात," म्हणाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मुकादमाला सांगितलं. त्याने विचारलं परत कधी. मी म्हटलं माहीत नाही, आणि पहिल्यांदाच हे उत्तर पळ काढायला दिलेलं नव्हतं. लव्हर्नने स्टेशनवर सोडलं. उरलेल्या फोडी मी त्याला दिल्या.

"मी काय करू यांचं?"

"बुटांना लाव."

तो हसला, मग खिडकीवर टकटक करून म्हणाला, "तिथे गेल्यावर कुत्रं लागल्यासारखं गाऊ नकोस."

गाडीत दोन दिवस. लिहिण्यासारखं काही नाही. मोंटाना संपतच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

घर. धुकं, मग ऊन.

परवा संध्याकाळी आलो त्याचं लिहायला बसत नाही, जमणार नाही.

आज आईसमोर पाई केली. तिची खुर्ची मी भट्टीजवळ आणली. पीठ मळताना तिने दोनदा मान हलवली, म्हणून दोनदा पाणी घातलं. लवंग घातली तर डोळे वटारले. मलिंडा म्हणाली, "बघ, मला वाटलं फक्त माझ्यावरच राग आहे." बाबा लाकडं घेऊन आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. मलिंडा त्यांना म्हणाली, "उभे का, बसा." एवढंच, पण बाबा घाईघाईने बसले.

पाई आत गेली. मी बाबांकडे बघितलं, ते माझ्याकडे. मग पहिलं अक्षर मीच म्हटलं. आवाज फाटला. आईने उचललं.

दुसऱ्या ओळीत मी तिच्या पुढे गेलो. तिने डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं. घट्ट. मी पुढे पळायला लागलो की दाबायची. म्हणजे थांब, आत्ता नाही. ती श्वास घेईतो मी थांबायचं, मग दोघांनी जायचं. एकेका अक्षराला ती एवढा वेळ राहते की त्यात माणूस तबेल्यापर्यंत जाऊन येईल. मी कुठे गेलो नाही.

एकदा झालं. झडप मिटायला मलिंडा उठली. परत एकदा सुरू. चौथं कडवं आलं तेव्हा मला खालून वास आला. मी उठायला गेलो.

तिने सोडलं नाही. मी म्हटलं, "आई, करपतंय." तिने मान हलवली आणि पुढची ओळ धरली. बाबांनी आणि मलिंडानेही धरली. कुणी उठेना. शेवटचं अक्षर संपेपर्यंत माझं मनगट तिच्या हातात होतं, त्यावर अजून चार बोटं लाल आहेत.

पाई खालून काळी झाली. बाबांनी सुरीने खरवडून पहिला तुकडा आईच्या बशीत घातला, मग माझ्या. बर्फ पडायच्या आत तबेल्याचं छप्पर नीट करायला हवं म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी चढतो.